कोरा चौकोन

पिस्कॅटवेत डोरोथी नावाच्या एका वारलेल्या बाईंच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं. रांगेत माझ्यापुढे दोघी मराठीत बोलत होत्या.

"मावशी, एवढ्या सामानातून तुम्ही ही जुनी गोधडीच उचललीत?"

"डोरोथीच्या आजीची आहे गं. शेजारणींनी एकेका चौकोनावर पेन्सिलने सह्या केल्या आणि आजीने त्यांवर रंगीत दोऱ्याने टाके घातले."

"हा एक चौकोन मात्र कोराच दिसतोय."

"तो डोरोथीने मला देऊ केला होता. दर ख्रिसमसला पेन्सिल पुढे करायची. मराठीत लिही म्हणायची."

"मग?"

"मी आपली नेक्स्ट टाइम म्हणायचे. त्या सगळ्या नावांत माझं कुठे शोभणार, असं वाटायचं."

"आता घरी नेऊन करा सही."

"सही करीन गं. टाके ती घालणार होती."