दोन्ही बाजूंचं माप

मी गोरेगावची, जन्मही इथलाच, पण मूळ विचाराल तर मालवणकडचं, वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर ते जे घरी बसले ते बसलेच, मग आई म्हणाली, गो बाय माझ्या, हातात कायतरी कला ठेय, रिकामो हात बरो नाय. म्हणून दहावी झाल्याझाल्या मला शेजारच्या मास्तरीणबाईंकडे शिवण शिकायला घातलं. मास्तरीणबाई कडक हो, चुकलं की टेपची पट्टी हातावर. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. कापड कधी सुटं कापायचं नाही, दुमडायचं, घडीवर खडूने अर्धाच ब्लाउज आखायचा आणि कात्री एकदाच चालवायची, म्हणजे उजवी-डावी बाजू आपोआप सारखी. आणि दुसरी, बाईच्या अंगाचं माप घेत बसू नकोस, तिचा नीट बसणारा जुना ब्लाउज माग, मापाचा ब्लाउज, कारण माप देताना बाया श्वास आत ओढतात आणि मग घरी जाऊन तंग झाला म्हणून भांडायला येतात. तीस वर्षं मी तसंच केलं. माझा स्वतःचा पण मापाचा ब्लाउज होता, चिंतामणी रंगाचा, त्याच्यावरून मी माझे सगळे ब्लाउज कापले, कारण काय सांगू तुम्हाला, टेलरला सगळ्यांचं माप घेता येतं, स्वतःचं नाही येत, हात वर केला की टेप सरकते.

चाळीतल्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. दाराशी मोठं टेबल, तिथे उभं राहून कापायचं, येणारी-जाणारी हाक मारणार, काय गं शालन, झाला का माझा, आणि मी कात्री न थांबवता, उद्या ये. तो उद्या कधी उजाडायचा नाही, ते सोडा. आमचे हे स्टुडिओत लाइटवाले. एवढ्या उंच फळीवर चढून दिवे बांधतात, पण सुई बघितली की यांना घाम फुटतो. आणि नशीब बघा, यांच्याच बायकोला उजव्या बाजूला गाठ निघाली, आंघोळ करताना साबणाच्या हाताला लागली, वाटाण्याएवढी. मग तपासणी, केमो, केस गेले, ऑपरेशन, उजवी बाजू सगळी काढली, वर ते रेडिएशनचे शेक. त्याचं मी जास्त सांगत नाही, ज्यांनी काढलंय त्यांना माहीत आहे. तेव्हा मी रडले, खूप रडले, खोटं कशाला बोलू.

वर्षाने डॉक्टर म्हणाले, हवं तर नवीन बनवता येईल. मी म्हटलं, कशाचं? तर प्लॅस्टिक सर्जन एक बाई होती, माझ्या लेकीपेक्षा, प्राजूपेक्षा, चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. पाठीचं मांस आणि वर पानाच्या आकाराची कातडी, ते पूर्ण तोडायचं नाही, रक्ताची नळी तशीच ठेवायची, आणि काखेखालून आतल्या आत फिरवून पुढे आणायचं. मी रडायचं विसरले हो! म्हटलं, म्हणजे पाठीचं कापड वाचवून पुढे ठिगळ? ती हसायला लागली. म्हटलं, धागा कुठला वापरता, तो विरघळतो तेव्हा शिवण उसवत नाही का, पाठीचं भोक कशाने बंद करता? तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, तुम्ही शिवणकाम करता का? म्हटलं, करते, आणि तुमचं काम बघायला मला जागं राहता आलं असतं तर बरं झालं असतं.

ते ऑपरेशन झालं. हे बाहेर आठ तास बसून, प्राजू सांगते, बाबांनी पाणी पण प्यायलं नाही.

आता गंमत ऐका. घरी आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी मला पाठीला खाज सुटायची, आणि पाठ खाजवून काही उपयोग नाही, खाज जाईचना. एकदा सहज पुढे हात लागला, त्या नवीन जागेवर, आणि अगं बाई, पाठ शांत! म्हणजे कातडी पुढे आली, पण तिला अजून वाटतंय आपण पाठीवरच आहोत. मी प्राजूला बोलावून डोळे मिटून बसले, म्हटलं बोट लाव आणि मी सांगते कुठे लागलं. ती पुढे बोट लावते आणि मी म्हणते पाठीवर, खांद्याच्या खाली. दोघी हसून हसून लोळलो. गावाहून मुंबईला आलेल्या माणसाचं नाही का, अंग इथे आणि जीव तिकडे.

पण दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. ते मांस पाठीचं ना, हाताला जोर लागला की ते आखडायचं, त्याचं मूळ कामच ते. मी इस्त्री दाबली की छाती उडायची. कात्री चालवली की उडायची. खच् केलं की टुण्. एकदा एक कॉलेजची मुलगी ब्लाउज टाकायला आली, मी बोलता बोलता कापत होते आणि तिची नजर तिथे अडकली, बिचारीने लगेच मान फिरवली, पण मला कळलं ना. त्या दिवसापासून मी टेबल आत नेलं, पडद्याच्या मागे. तीस वर्षं दाराशी उभं राहून कापणारी बाई मी, चोरासारखी आत कापायला लागले. त्याचा मला फार राग आला, डोळ्यांतून पाणी यायचं रागाने.

डॉक्टरबाई म्हणाली, हे दुरुस्त होतं, त्या मांसाची नस तोडायची म्हणजे उडायचं थांबतं, आणि जिथे खड्डा पडलाय तिथे पोटाची चरबी काढून भरायची. म्हटलं, चरबी हवी तेवढी घ्या, मोजू नका. पण घरी सांगितलं तर वाट लागली. नणंद म्हणाली, वहिनी, आता या वयात कोणाला दाखवायचंय? म्हटलं, मला. मी बघते ना रोज. आणि हे तर उठून बाहेरच गेले. परत आले आणि म्हणाले, देवाने एकदा परत दिलीय, पुन्हा टेबलावर झोपायचं नाव काढू नकोस. तुम्हाला म्हणून सांगते, ऑपरेशन झाल्यापासून हे माझ्याकडे बघायचे नाहीत. जेवायला वाढ, औषध घेतलंस का, सगळं प्रेमाने, पण मी कपडे बदलायला लागले की हे खोलीच्या बाहेर. हिरोइनीच्या तोंडावर लाइट मारणारा माणूस, घरात बायकोकडे बघेना.

मीच मग तो विषय सोडला. आणि त्यातच भाचीचं लग्न आलं. मोरपंखी साडीवर ब्लाउज शिवायला घेतला, चिंतामणी मापाचा ब्लाउज काढला, कापड दुमडलं, खडू मारला, कापलं. सगळं सवयीने हो! लग्नाच्या सकाळी घातला तर डावी बाजू झकास आणि उजवीकडे वर तंग, खाली चुण्या. तीस वर्षांची टेलर आणि स्वतःचाच ब्लाउज फसला. एक माणूस दोन वेगळ्या बाजू घेऊन फिरतंय आणि मी कापड दुमडून बसलेय! कापूस कोंबला आणि गेले लग्नाला, दिवसभर पदर सावरत.

पण डोक्यात किडा शिरला. म्हटलं, बाकीच्यांचं काय असतं? मी मापाचा ब्लाउज मागणं बंद केलं. येईल तिचं अंगावर माप घ्यायला लागले, दोन्ही बाजूंचं, वेगळं वेगळं, आणि वहीत दोन आकडे. काय सांगू तुम्हाला, एकीचं सारखं निघेना! कोणाचा खांदा उतरलेला, कोणाची डावीकडे टक्स, म्हणजे छातीखालची शिवलेली चुणी, पाव इंच खाली, आणि ज्या कॉलेजच्या मुलीने मान फिरवली होती ना, तिच्या दोन बाजूंत तर अर्ध्या इंचाचा फरक. ती म्हणाली, मावशी, माझंच असं आहे का? मी म्हटलं, नाही गं राणी, वही बघ. आणि तिला वही दाखवली.

मग मला माझं कळलं. मला सारखं नकोच होतं, मला कात्री परत दाराशी चालवायची होती. यांना समोर बसवलं, म्हटलं, तुम्ही घाबरता ते मला कळतं, मी पण घाबरते, पण तुम्हाला जर कोणी सांगितलं, जीव वाचलाय ना, आता फळीवर चढू नका, खाली बसून दिवे पुसा, तर? दुसऱ्या दिवशी हे ऑपरेशनसाठी रजेचा अर्ज टाकून आले.

दुसरं ऑपरेशन छोटं होतं. घरी आल्यावर बरेच दिवस इस्त्रीला हात लावायची परवानगी नव्हती. परवानगी मिळाली त्या दिवशी जुनी चादर घेतली, कात्री घातली आणि मान खाली घालून बघत राहिले. खच्. काही नाही. परत खच्. काही नाही. चादर पूर्ण कापून टाकली! प्राजू ओरडते, आई, चांगली होती ती. टेबल त्याच दिवशी दाराशी आलं.

डॉक्टरबाई म्हणाली, अजून थोडा फरक आहे, पुढे हवं तर अजून एकदा भरू. म्हटलं, बाळा, अर्धा इंच मी टक्समध्ये खाते, तू दुसरीचं बघ. हातात देवाने असंच यश देवो तुझ्या.

आणि गेल्या रविवारी हे घरी होते. मी नवीन ब्लाउज पीस काढला होता, चिंतामणी ब्लाउजची तर मी पायपुसणी केली. म्हटलं, अहो, इकडे या जरा, मला माझं माप घेता येत नाही. हे दारात उभे. म्हटलं, टेप धरा, चावत नाही. आले. डावीकडे लावली, आकडा वाचला. उजवीकडे लावली, नीट लावली, वाकून बघितलं, पहिल्यांदा बघितलं हो त्यांनी, किती वेळ बघत होते. मग आकडा वाचला आणि घाबरून विचारलं, दोन वेगळे आलेत, माझं चुकलं का, कुठला लिहू?

म्हटलं, चुकलं नाही. दोन्ही लिहा.