दरबारी सासरे आणि फाडलेली चिठ्ठी

अरे, भरजरी पगडी घालून अब्रू कशी जाते, ते मला विचार! एका जुन्या प्रेमाच्या कादंबरीवर इथे इंदूरला राजवाड्याजवळ पिक्चर बनत होता. मी आणि माझे रिटायर्ड सासरे, दोघं त्यात दरबारी झालो होतो. सीन असा, की हिरो प्रेयसीची शेवटची चिठ्ठी वाचून रडतो, ती फाडतो आणि चौकात भिरकावतो.

पहिल्याच टेकला सासऱ्यांनी पुढे होऊन सगळे तुकडे वेचले आणि शेल्यात खोचले.

“कट!” पुण्याचा डायरेक्टर ओरडला. “काका, तुम्ही दोनशे वर्षांपूर्वीचे दरबारी आहात!”

“तो क्या हुआ भिया? गाव तर इंदूरच आहे ना, देशात स्वच्छतेत पहिलं!”

दुसऱ्या टेकलाही तेच. हिरोची आसवं संपत आली. डायरेक्टरने हात जोडले. तिसऱ्या टेकला मी मागून सासऱ्यांचा अंगरखा घट्ट धरून ठेवला. हिरो असा रडला, की सगळा सेट हुंदके द्यायला लागला. टेक ओके! टाळ्या पडल्या आणि मी अंगरखा सोडला.

सासऱ्यांनी धावत जाऊन तुकडे गोळा केले, डोळे पुसले आणि डायरेक्टरला विचारलं, “सीन एकदम बढिया झाला साहेब. पण चिठ्ठी आसवांनी पार भिजलीय. आता ही गील्या कचऱ्यात टाकू की सूख्या?”