घरच्यांची रांग

आई : ...म्हणून म्हणते, उद्या सभागृहात ये. वर गॅलरीत सदस्यांच्या घरच्यांसाठी पुढची रांग असते. तू एकदाही बसली नाहीस तिथे.

लेक : आणि दारावर काय सांगू? खासदारबाईंची मुलगी?

आई : मग काय, शेजारीण सांगणार?

लेक : दातांच्या डॉक्टरांना सांगून बघितलं होतं एकदा. माझी दाढ चिमट्यात धरून त्यांनी गल्लीतल्या गटाराची कहाणी सुरू केली. तोंड उघडं, नाही म्हणायचीही सोय नाही.

आई : गटार झालं ना पण दुरुस्त.

लेक : गटार झालं, दाढ गेली. तेव्हापासून कानाला खडा. कॉलेजात कुणी विचारलं आई काय करते, तर सांगते, लोकांची कामं.

आई : खोटं कुठे आहे त्यात. बरं, हे ऐक. वाहतूक विधेयक, कलम अकरा. 'ज्या बसथांब्यावर प्रवासी कमी, तो थांबा बंद करण्यात येईल.' सकाळी कचेरीत बाकावर बसलेल्यांना वाचून दाखवलं.

लेक : अजून वाचतेस? बिचारे नळाची तक्रार घेऊन येतात, आणि तू त्यांना देशाचे कायदे ऐकवतेस.

आई : पाळायचे कुणाला आहेत ते? नळवाले नळाकडेच वळले. पण पायाला प्लास्टर घातलेला एक जण होता. म्हणाला, 'दवाखान्यासमोर गर्दी नाही, ही चांगलीच गोष्ट की हो. म्हणून थांबा काढणार?'

लेक : हे भाषणात घाल. त्याच्याच शब्दांत. शोभेचं काही लावू नकोस.

आई : घातलं. आणि कलमाला दुरुस्तीही दिली. दवाखान्याच्या दारातला थांबा, प्रवासी एकच असला तरी, बंद करायचा नाही.

लेक : मंजूर होईल?

आई : काठावर आहे. आमच्यातले अर्धे जांभया देतायत. समोरच्या पक्षाचे ते गृहस्थ मात्र 'विचार करतो' म्हणाले.

लेक : ते? तुमचं तर विळ्याभोपळ्याचं सख्य.

आई : त्यांच्याही गावात म्हातारी माणसं आहेत गं. येतेस ना मग?

लेक : मुलांचे पेपर तपासायचेत, आई.

आई : नको तर नको. बोलता बोलता वर बघितलं आणि आपलं माणूस दिसलं, की आवाज सुटतो. तेवढंच.

लेक : सकाळी चहा घेऊन येते. पलंगावर बसून सगळं भाषण ऐकते. तीच गॅलरी समज.

आई : श्रोता एक, तोही परीक्षक. चालेल. ऊठ आता, जेवायला वाढ. आज भूक कशी छान लागलीय.

(पुढच्या आठवड्यात. सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीचं दार.)

शिपाई : गॅलरी भरली, ताई. खाली पडद्यावर बघा.

लेक : मागे उभी राहते कोपऱ्यात.

शिपाई : उभं राहू देत नाहीत. एरवी इथे माशी फिरकत नाही बघा. आज बाईंची ती राहिलेली थांब्यांची दुरुस्ती आहे ना. त्यांच्या कचेरीतला अख्खा बाक आलाय, प्लास्टरवाल्याला तर दोघांनी उचलून आणलं.

लेक : मांडणार कोण?

शिपाई : समोरच्या पक्षाचे साहेब. जन्मभर बाईंशी भांडले, आणि आज कचेरीतून मागवलेलं त्यांचं भाषण हातात घेऊन बसलेत. दोनदा चष्मा पुसला त्यांनी. बाई त्या सकाळी आल्याच नाहीत, तेव्हा घड्याळाकडे सगळ्यात जास्त तेच बघत होते. झोपेतच गेल्या म्हणे?

लेक : झोपेतच. मी चहा घेऊन गेले होते.

शिपाई : म्हणजे त्यांच्याकडे कामाला होतात?

लेक : ती पुढची रांग रिकामी दिसतेय.

शिपाई : ती घरच्यांची. तिथे असं कुणालाही बसवता येत नाही मला. साहेबांनीच बाईंच्या नावानं एक खुर्ची राखायला सांगितलीय. पण इतक्या वर्षांत त्यांच्या घरचं कुणी मी पाहिलेलं नाही. सुरू होतंय बघा आत. तुम्ही बाईंच्या कोण?

लेक : मुलगी. ती माझी आई.