गतिरोधक मिळण्याबाबत

विषय : आमची जुनी अँबॅसिडर उसाच्या ट्रॅक्टरखाली गेल्याबाबत. संदर्भ : माझाच अर्ज.

वडिलांची ही गाडी मी आणि इस्माईल मिस्त्रींनी चार वर्षं खपून पुन्हा उभी केली होती. आमच्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर सुसाट जातात. तिला धक्का लागू नये म्हणून मी गतिरोधकासाठी अर्ज केला, चिकाटीने पाठपुरावाही केला. कारकुनाला दुसरं येतं काय? गाडी तयार झाली त्याच दिवशी गतिरोधकही झाला. पांढरे पट्टे तेवढे मारायचे राहिले.

पहिल्याच फेरीला मी त्याच्यापुढे आदराने ब्रेक दाबला. मागून ट्रॅक्टर आला आणि डिकी थेट मागच्या सीटवर येऊन बसली.

ट्रॅक्टरवाला मंद्रूपचा. उतरून म्हणाला, "काका, हितं ब्रेकर कवा झाला? काल तर नव्हता की!"

"आज सकाळी. माझ्या अर्जावरून."

इस्माईलभाई आले, गाडीखाली वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "चासी गई साब. अब कुछ नै होता. बस, और अर्जी नक्को करो."

गाडी भंगारात गेली. गतिरोधकावर पट्टे मारण्याबाबत मी अर्ज केला आहे. तो विचाराधीन आहे.