लाल ढोबळीचा अहवाल

...आणि वर मलाच विचारतात, 'सर, यंदा काय लावू?' शी! तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, मागणी-पुरवठ्याची आकृती झोपेत काढून दाखवीन, आणि निवृत्तीचे पैसे घातले कशात? प्लॅस्टिकच्या तंबूत! पॉलिहाऊस म्हणायचं त्याला. आत शिरलं की चष्म्यावर वाफ, बनियन पाठीला चिकटलेलं, आणि चहूकडे लाल ढोबळी मिरच्या, गाल फुगवून बसलेल्या, जणू मीच त्यांचा अपमान केलाय! पण हिशोब चुकला नव्हता, बरं का!

चुकला असता तर बरं झालं असतं हो! कर्जासाठी अहवाल लिहिला, बेचाळीस पानी, रोपापासून खोक्यापर्यंत. बँकेतल्या साहेबाला इतका आवडला, इतका आवडला, की त्यानं येईल त्याच्या हातात झेरॉक्स ठेवली. 'सरांचा आहे, डोळे मिटून लावा.' लावली हो लोकांनी... डोळे मिटून! माझा धरून चाळीस तंबू, चाळिसांत लाल ढोबळी, आणि चाळिसांची एकाच आठवड्यात बाजारात! व्यापारी मान वर करीना. 'लाल ना, सर? ठेवा तिकडे... तिकडे नाही, त्या ढिगाच्या मागे.' मागे! माझी पहिल्या प्रतीची मिरची! नुसती रिकामी खोकी विकली असती तरी जास्त सुटले असते. पण हिशोब? चुकला नव्हता!

महिनाभर घरात सकाळी मिरची, संध्याकाळी मिरची. शेवटी बायकोनं ताट पुढ्यात आदळलं. 'अहो, आणखी एकच हंगाम. तोही गेला तर तंबू मोडीत, आणि तुम्ही बागेतल्या बाकावर.' बाकावर! तिथं सगळे गुडघ्यांवर बोलतात हो!

मग, खोटं कशाला बोलू, लबाडी केली. जन्मात पहिल्यांदा. साहेबाला नवा अहवाल दिला, काकडीचा! पन्नास पानी! म्हटलं, सगळे जातील काकडीत, आणि मी एकटा गुपचूप लाल ढोबळीत. हे नीतीला धरून होतं का? आठ दिवस बँकेच्या रस्त्यानं जाणंच टाळलं... पण हिशोब चुकला नव्हता!

रोपवाटिकेतल्या बाईंना कानात सांगून ठेवलं, 'तीन हजार, लाल. कुठं बोलू नका.' महिन्यानं तोंडाला रुमाल बांधून रोपं आणायला गेलो, तर फाटकाबाहेर रांग! उरलेले एकोणचाळीसच्या एकोणचाळीस! बाई लांबूनच ओरडल्या, 'या सर, या! तुमची बाजूला काढलीत हो, बाकी सगळी लाल या रांगेनं संपवली!' रांगेतला एक पठ्ठ्या तर पाया पडला. 'सर, गेल्या वेळी आम्ही चुकलो. तुमचं लिहिलेलं वाचलं. यंदा म्हटलं, वाचायचं नाही... सर स्वतः काय लावतात ते बाईंना विचारायचं!'

आणली. लावली. फुलंसुद्धा आलीत, मेली. रोज संध्याकाळी बागेत एक चक्कर मारून येतो. बाकं आहेत सहा, सावलीतलं एकच, आणि आम्ही चाळीस. हा हिशोब मात्र कुणाला सांगू नका... रुमाल टाकून ठेवलाय मी.