ते सोड, येताना काय आणशील?

…नाही, पण मी म्हणतो, जगाचं काय होणार हे विचारायला जगानंच मला बोलावलंय, मला, इन्गोला, तांबुयोग बेटावरच्या इन्गोला, जहाजाचं कॉलेज तिसऱ्या वर्षी सोडून घरी बसलेल्या इन्गोला, तिकीट धाडून बोलावलंय, थेट इटलीत, व्हेनिसला, आणि आमच्या अख्ख्या बेटावर एका तरी माणसानं विचारावं की नाही की बाबा रे, तू तिथं उभा राहून बोलणार काय? एकानं नाही हो विचारलं! एकानं नाही! जो भेटेल त्याचं एकच… "ते सोड, येताना काय आणशील?"

बसा ना, उभे का? भरती चढल्याशिवाय आपली बोट काही सुटत नाही. धक्क्यावर बसून समुद्राकडे बघत बसण्यापेक्षा माझ्याकडे बघा, मी समुद्राइतका हळू बोलत नाही.

आता तुम्ही म्हणाल, याला का बोलावलं? तर मी एक व्हिडिओ टाकला होता. आमच्या शाळेचा. पोरं बाकावर मांडी घालून बसलीत, कारण खाली पाणी, आणि बाई फळ्यावर 'पर्यावरण' लिहितायत आणि बाईंच्या पायांमधून मासा जातोय. बस्स, एवढंच. तुम्हाला सांगतो, मागं मोठा भूकंप झाला, त्यात आमचं बेट हातभर खाली बसलं, आणि समुद्राला वाटलं असणार, हे खाली येतंय तर आपणही जरा वर जाऊ, भेट होईल! झाली भेट. आता महिन्यातले निम्मे दिवस समुद्र आमच्या घरात असतो. जेवायला सुद्धा थांबतो.

आणि आमची मोठी माणसं? कपितान तेरोय, आमच्या बेटाचे मुखिया, खुर्चीत बसलेत, खुर्ची पाण्यात, पाय टेबलावर, आणि मला म्हणतात, "पाणी काय रे, येतं नि जातं. आमच्या वेळी घोट्याएवढं होतं, आम्ही कधी तक्रार केली?" अहो घोट्याएवढं असताना केली असती तर! सरकारनं पलीकडे डोंगरावर घरं देतो म्हटलं, तर म्हणाले, "डोंगरावर मासे लागतात का?" मला राग कशाचा येतो सांगू? माणूस चुकीचं वागतो आणि बोलतो मात्र बरोबर, याचा! डोंगरावर नाहीच लागत मासे!

बरं, मी भाषण लिहिलं. एका पानावर, दोन्ही बाजूंनी नव्हे, एकाच बाजूनं. कपितान म्हणाले, "पहिल्या ओळीत माझं नाव घे." घेतलं. "दुसऱ्यातही घे, पहिली कुणी ऐकत नाही." घेतलं! मग त्यांनी पान उलटून बघितलं, मागं कोरं. आमच्याकडे कोरडा, कोरा कागद म्हणजे काय चीज आहे, तुम्हाला कल्पना नाही. वह्या फुगून पावासारख्या होतात. झालं! कपितानांनी हाक मारली, आणि लग्नाच्या पंगतीला बसावं तसं बेट ओळीनं येऊन माझ्या भाषणाच्या पाठीवर आपली फर्माईश लिहून गेलं. तिया बिदाय, म्हणजे माझी मावशी, तिनं तर जागा पुरेना म्हणून समासात लिहिलं. मी ओरडलो, "अगं तिया, हे जगापुढं वाचायचंय!" म्हणते, "पुढची बाजू वाच की! मागचं कोण बघतंय? आणि विसरू नकोस, चुंबकं सात हवीत, सात!"

तर विमान! अहो, विमान!! तुम्ही बसलायत कधी? आम्ही ढग बघितला की छपराला दोर बांधतो, आणि तिथं ढग पायाखाली, कापूस पिंजून ठेवलेला, जन्मभर ज्याला घाबरलो त्याचं टक्कल वरून बघतोय मी! समोरच्या खुर्चीच्या पाठीवर टीव्ही, टीव्हीत नकाशा. म्हटलं, आपलं बेट बघू. बोटानं मोठा केला, अजून मोठा केला, नुसतं निळं. मोठं निळं, अजून मोठं निळं. नकाशावाल्यांनी आम्हाला आधीच बुडवून टाकलंय! मी हवाईसुंदरीला बोलावलं, म्हटलं, "ताई, इथं दोन हजार माणसं राहतात." ती गोड हसली आणि मला अजून एक संत्र्याचा रस दिला. जगात फिरलं की हे कळतं बघा, तुमचं म्हणणं ऐकायचं नसलं की लोक रस देतात.

आणि व्हेनिस! पाण्यात शहर! मला वाटलं, आपलेच लोक! पहिल्या दिवशी सकाळी भोंगा वाजला, भरतीचा. खूप मोठी भरती असेल तर ते लोक समुद्रात दरवाजे उभे करतात, हो, दरवाजे, समुद्राला! ही लहान होती म्हणून चौकात येऊ दिली. घोट्याएवढं पाणी. घोट्याएवढं! तर काय धमाल! लाकडी फळ्यांचे पूल टाकले, पर्यटक किंचाळतायत, फोटो काढतायत, एक बाई हातात चपला घेऊन नवऱ्याला ओरडतेय, "किती रोमँटिक!" मी म्हटलं, बाई, चल आमच्याकडे, माझ्या खाटेखाली चोवीस तास रोमँटिक आहे, फोटोचे नि किंचाळायचे पैसे पडत नाहीत!

मग परिषद. युवकांची जागतिक परिषद, नाव युवकांचं, आणि स्टेजवर पहिल्या रांगेत एकाच्या तरी डोक्यावर काळा केस असेल तर शपथ! एकेक उठतोय, "तरुण हेच जगाचं भविष्य आहेत…" बसतोय. दुसरा उठतोय, "भविष्य तरुणांच्या हाती आहे…" अहो, मग माइकही द्या की हाती! एक पाहुणे तर पंचेचाळीस मिनिटं बोलले, आमच्या पिढीनं चुका केल्या, आम्ही तुमचं ऐकायला हवं होतं, आम्ही तुमचं ऐकायला आतुर आहोत… आणि ते ऐकायला आतुर असलेले गृहस्थ बोलतायत, बोलतायत, आणि मला बोलायला दिलेली तीन मिनिटं वितळतायत! शेवटी एक मुलगी वाकून माझ्या कानात म्हणाली, "तुम्हाला एक मिनिट मिळेल. जमेल ना?"

एक मिनिट! त्यात कपितानांचं नावच दोनदा होतं!

मी उठलो. म्हटलं, ठीक. तुम्हाला आमचं भाषण नको ना, राहिलं. पान उलटं केलं. "ही आमच्या बेटानं तुमच्याकडं मागितलेल्या वस्तूंची यादी," म्हटलं, आणि सुरू केलं. "तिया बिदाय. फ्रीजवर लावायची चुंबकं, सात. फ्रीज नाही. पत्र्याच्या भिंतीवर पोरांचे दाखले उंच लावायला." सगळे हसले. "तियो अनोय, माझे काका. डुकराला बांधायला दोर, आठ फुटी. जुना सहा फुटी होता, भरतीत डुक्कर पोहायला लागलं आणि दोर आखूड पडला." आडवे झाले हसून! "चर्चचे पुजारी. तिथल्या चर्चचं पवित्र पाणी, एक बाटली." पाणी! आम्ही पाणी मागवलं! तो पंचेचाळीस मिनिटंवाला हसून हसून डोळे पुसायला लागला. "विधवा मानाय तिबुर्सिया. पाण्याखाली चालणारा दिवा. नवऱ्याच्या थडग्यावर लावायला. यंदा पितरांच्या दिवशी सगळे मेणबत्त्या घेऊन गेले तर थडगी पाण्याखाली आणि मेणबत्त्या तरंगत गेल्या."

आणि तुम्हाला सांगतो, यालाच सगळ्यात जोरात हसले.

घंटा वाजली. टाळ्या! उभे राहून टाळ्या! मी तिथंच उभा, कागद हातात, कान गरम झालेले, म्हटलं, अरे मी विनोद नाही सांगितला रे… तो पंचेचाळीस मिनिटंवाला म्हातारा धावत आला, माझे दोन्ही हात धरले, "काय कल्पनाशक्ती आहे तुझी, पोरा! लिहीत जा!" म्हटलं, "साहेब, दोराचं तेवढं बघा." म्हणाला, "हा हा! परत तेच! दोर!" आणि मला एक प्रमाणपत्र. सर्वात आनंददायी वक्ता. आनंददायी! आमच्या वडीलधाऱ्यांना शिव्या देत मी तिथं गेलो होतो, तुम्हाला खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला कपितान तेरोय जवळचे वाटले. ते निदान हसत तरी नाहीत. ते पाण्यातल्या खुर्चीतून विचारतात, ते सोड, येताना काय आणशील? सरळ प्रश्न. या सगळ्या हॉलमध्ये एकानं तरी विचारलं का, आम्ही येताना काय आणू?

पण थांबा, एक जण हसली नव्हती. मागच्या रांगेत. बांगलादेशची, रुमाना. तिचं घर नदीनं तीनदा नेलंय, चौथं बांधतायत. ती सरळ आली, नाव नाही, गाव नाही, विचारते कशी, "पायात काय घालता?" म्हटलं, "स्लिपर. वाहून गेल्या की एका पायात एकाची, दुसऱ्या पायात दुसऱ्याची." म्हणाली, "वेडे आहात. चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्या सडतात. इथं रबरी बूट मिळतात, चल." आणि मला ओढत बाजारात! अहो, काय बूट! मी गुडघ्यापर्यंतचा उचलला, तिनं हातातून काढून घेतला. "हा दोन वर्षांत निकामी होईल. मांडीपर्यंतचे घे." हे असं बोलली, जशी आई मापापेक्षा मोठा सदरा घेते ना पोराला, वाढत्या अंगाचा, तसं! वाढत्या समुद्राच्या मापाचे बूट! मी हसलो. तीही हसली. आम्ही दोघं त्या दुकानात पोट धरून हसलो, आणि तेव्हा कुणाचा राग आला नाही. परिषदेनं जेवणाखाण्याला दिलेलं सगळं बुटांत घातलं, पाच दिवस पावावर काढले, चॉकलेट नाही, चुंबकं नाही, दोर नाही. अकरा जोड! शाळेतल्या बाईंना पहिला. विमानतळावर तपासणीवाला म्हणतो, "काय रे, अकरा जोड? कोण घालणार?" म्हटलं, "साहेब, आमचं बेट." म्हणाला, "बेटाला पाय किती?"

छाती अशी फुगली होती माझी. म्हटलं, वीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा इन्गोनं काहीतरी मोठ्या माणसासारखं केलं. ना भाषण, ना टाळ्या, कामाची वस्तू आणली! आत्ता, तुम्ही यायच्या जरा आधी, इथूनच तिया बिदायला फोन लावला. म्हटलं, "तिया, धक्क्यावर आलोय."

"आलास? बरा आहेस ना? जेवलास? चुंबकं आणलीस?"

"ते सोड गं! बूट आणलेत. रबरी. असले बूट आपल्या अख्ख्या बोहोल प्रांतात कुणाकडे नसतील. मांडीपर्यंत येतात, मांडीपर्यंत!"

पलीकडून पाण्याचा आवाज येत होता.

"मांडीपर्यंत?" तिया म्हणाली, अगदी हळू, माझं मन मोडू नये म्हणून. "चांगले असतील रे पोरा. पण तू गेलास आणि त्या अमावास्येच्या भरतीला… पाणी कमरेला लागलं होतं."

…तुम्ही इतके हिंडलेले दिसता. कमरेपर्यंतचे कुठे मिळतात, सांगा ना.