वाळूसाठी काढलेली हवा

“ज्या कोणी हे केलं असेल, त्याने आज जेवायला बसण्याआधी एकदा आरशात स्वतःचं तोंड बघावं! समोर येऊन बोलायची हिंमत नाही, म्हणून पाठीमागून असले उद्योग करायचे! याला राग म्हणत नाहीत, याला भेकडपणा म्हणतात!”

...अहो, माझ्याकडे काय बघताय? मी नाही लिहिलं हे! साकेतने लिहिलं. साकेत दामले, आमच्याच सोसायटीत, दुसरा मजला, माझा मित्र. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, शनिवारी संध्याकाळी, वागळे इस्टेटमधून येताना रिक्षात बसल्याबसल्या. आणि तुम्हाला सांगतो, पाच मिनिटांत अंगठेच अंगठे! जी माणसं मेंटेनन्सच्या मेसेजला जिवंत असल्याची खूण देत नाहीत, त्यांनीसुद्धा अंगठे दिले. कोणी टाळ्या, कोणी जोडलेले हात, एकाने तर आगीच्या ज्वाळा! आणि हे सगळं कोणाविरुद्ध? थांबा... सांगतो. सांगताना माझेच कान गरम होतायत, तर त्या बिचाऱ्याचं काय झालं असेल?

मुळात भानगड वाळूची. आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, आणि दापोलीच्या पलीकडे एक गाव आहे, तिथल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मच्छीमारांची तुटकी जाळी वाहून येतात आणि वाळूत रुतून बसतात, पुढे थंडीत कासवं अंडी घालायला आली की त्यात अडकून मरतात. आता जाळं म्हणजे काय टॉवेल आहे का, आला आणि झटकला? भिजलेलं, वाळूने भरलेलं, दहा माणसांना हलत नाही! गावातला ट्रॅक्टर बंद पडलेला. ग्रामपंचायत म्हणाली, एरवी किनाऱ्यावर गाडी घालू देत नाही, पण वाळूवर चालणारी गाडी आणलीत तर तुम्हाला एक दिवस देतो. एक दिवस! झालं, साकेत पेटला. आणि साकेत पेटला की पेटतो हो! लिफ्टमध्ये पिंक टाकणाऱ्याच्या घरी बादली-फडकं घेऊन जाणारा मुलगा आहे तो. गणपतीत डीजे वाजला तर डीजेसमोर जमिनीवर बसणारा. सोसायटीत दोन ते चार आवाज करायचा नाही हा नियम कोणी आणला? यानेच! ठराव मांडून! हे लक्षात ठेवा, मी मुद्दाम सांगतोय.

गाडी मिळाली त्याच्या ठाण्याच्या आनंदमामांची. फोर बाय फोर! चारही चाकं जोर लावतात. मामांनी घेतली डोंगरदऱ्यांसाठी आणि नेतात मॉलच्या बेसमेंटपर्यंत. पंधरा दिवसांसाठी दिली, वर म्हणाले, “ओरखडा आला ना साकेत, तर तुला त्या कासवांबरोबर सोडून येईन.”

मग सुरू झाली तयारी. काय सांगू तुम्हाला! खारं पाणी पत्र्याला खातं म्हणून गाडीला खालून काळं लेपन, ओढायला जाड पट्टा, फावडं, जॅकखाली ठेवायला प्लायवूडचा तुकडा, कारण नाहीतर म्हणे गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच वाळूत खाली जातो! भरती-ओहोटीच्या वेळा फ्रिजवर चिकटवलेल्या. त्याची आई, उत्तराकाकू, गॅसवाल्याचा नंबर शोधतायत आणि हाताला लागतेय अमावास्येची भरती! आणि समुद्र कुठे? दोनशे किलोमीटरवर!

पण यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठली? हवा. टायर टम्म असला की तो वाळूत सुरीसारखा घुसतो. निम्मी हवा काढली की पसरतो, उंटाच्या पावलासारखा, आणि गाडी वाळूवरून अलगद जाते. म्हणजे किनाऱ्यावर पोचलो की आधी चारही चाकांची हवा काढायची, आणि परत रस्त्यावर येताना मशीनने भरायची. साकेत म्हणाला, “ऐन वेळी गोंधळ नको, एक रंगीत तालीम करून बघतो.” मी म्हटलं, “अरे, तिकडेच बघू की!” तर म्हणतो, “तुझ्यासारख्या लोकांमुळेच देश मागे राहिला.” देश! चार टायर आहेत रे बाबा!

आता गाडी उभी कुठे होती? कंपाउंडात, पाहुण्यांच्या जागेत. आणि तिचं नाक हातभर घुसलेलं शेजारच्या जागेत. शेजारची जागा कोणाची? गुरुदत्तकाकांची. काका नाडकर्णी, पहिला मजला, एकटेच असतात, वय सत्तरीपार. त्यांची गाडी वर्षभर कापडाखाली आणि दसऱ्याला एकदा गणपती मंदिरापर्यंत जाऊन परत. पण जागेवर पाटी आहे, लाल अक्षरांत, वीस वर्षांपासून: ‘येथे वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल. हुकुमावरून.’ कोणाच्या हुकुमावरून? काकांच्याच! आजवर हवा कोणाची सोडली? कोणाचीच नाही. पोरं त्या पाटीचा स्टंप करून क्रिकेट खेळतात!

तर शनिवारी भर दुपारी, सगळी डोंबिवली जेवून आडवी झालेली असताना, साकेत खाली उतरला. टायरचा ठसा किती रुंद होतो ते बघायचं म्हणून उत्तराकाकूंच्या डब्यातली रांगोळी जमिनीवर पसरली. चारही चाकांची हवा काढली. फुस्स... फुस्स... गाडी पुढे-मागे करून ठसे बघितले. खूश झाला! मग मशीन काढलं, बॅटरीला चिमटे लावले, बटण दाबलं, आणि जो काही आवाज सुरू झाला, वाटावं कोणीतरी मिक्सरमध्ये खडे घातलेत! लगेच वरून खिडकीतून जागृतीताई. सेक्रेटरी आहेत त्या. बाहेर डोकावल्यासुद्धा नाहीत, नुसता आवाज आला, “कोण आहे रे ते? दोन ते चार! नियम आहे सोसायटीचा!” नियम कोणी आणलेला? मघाशी सांगितलं ना! मग तो कसा मोडेल? तत्त्वाचा माणूस! मशीन बंद केलं, डिकीत टाकलं, म्हणाला चारनंतर भरू, आणि तोवर वेळ कशाला घालवा म्हणून वागळे इस्टेटला गेला, वाळूत रुतलेल्या चाकाखाली सारायच्या जाळीच्या फळ्या एका वर्कशॉपमध्ये बनवायला टाकलेल्या, त्या आणायला. गाडी तशीच. चारही चाकं बसलेली. आजूबाजूला पांढरी रांगोळी. आणि समुद्र? दोनशे किलोमीटरवर!

साडेचारला लोक चहा पिऊन खाली उतरले आणि बोंबाबोंब! जागृतीताईंनी ग्रुपवर टाकलं, ‘आपल्या कंपाउंडात एका गाडीच्या चारही चाकांची हवा काढलेली आढळली आहे. सुशिक्षित सोसायटीला हे शोभत नाही.’ एका गाडीच्या! कोणाच्या, ते नाही. आणि आमचे साहेब रिक्षात, मांडीवर फळ्या, समोर अन्याय... लिहिलं! आता तुम्ही विचाराल, त्याला कळलं कसं नाही? मीही विचारलं. तर म्हणाला, “अरे, मी कुठे हवा काढलेली? मी प्रेशर सेट केलेलं!” झालं! आपण करतो ते प्रेशर सेट करणं, दुसरा करतो ती हवा काढणं!

पाठोपाठ फोटो आला. मामांची गाडी. त्याने बघितला... आणि रिक्षात घाम फुटला हो त्याला! मेसेज काढून टाकावा, तर ‘मेसेज डिलीट केला’ असं सगळ्यांना दिसणार. खरं लिहावं... लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. तेवढ्यात रिक्षा गेटात.

आणि गेटात काय? कोर्ट भरलेलं! मीही होतो तिथे. एक बाई रांगोळी बघून म्हणत होत्या, “लिंबू आहे का बघा आसपास, मला तर करणीच वाटतेय.” मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गुरुदत्तकाका आणि समोर जागृतीताई.

“पाटी तुमचीच ना?”

“माझीच.”

“परवा तुम्हीच म्हणालात ना, ही गाडी हलली नाही तर बघून घेईन?”

“मीच म्हणालो.”

“मग?”

काका आभाळाकडे बघतायत. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, “अरे, साकेत आला! याच्याच मामांची गाडी! साकेत, तू लिहिलंस ना ते मोठ्याने वाचून दाखव यांना!”

तुम्हाला सांगतो, मी त्याचा चेहरा बघितलाय. काखेत फळ्या, हातात मोबाईल. वाचायला लागला, “ज्या कोणी... हे केलं असेल...” ‘आरशात’पर्यंत आवाज आला. ‘भेकडपणा’ला नुसते ओठ हलले. लोकांना वाटलं, पोराला गहिवरून आलं!

अहो, तोंड उघडायची हीच वेळ होती की नाही? एक वाक्य! ‘हवा मी काढली.’ तीन शब्द! डीजेसमोर बसणारा माणूस, तीन शब्द जड झाले? मला नंतर म्हणाला, “मी बोललो असतो रे, पण मामांनी गाडी परत नेली असती. एकच दिवस मिळालाय. कासवांचं काय?” कासवांसाठी! कासवांसाठी एका म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत बसवून ठेवलं! आणि मी तरी काय केलं? तालीम होणार हे मला ठाऊक होतं की. मी पायांतली चप्पल नीट करत होतो. फार नीट करत होतो.

आणि मग काका उठले. हात जोडले. साकेतसमोर! सत्तरीपारचा माणूस चोवीस वर्षांच्या पोरासमोर हात जोडून म्हणतो, “माफ कर बाळा. माझ्याच हातून झालं.” आणि सगळ्यांकडे वळून, “माझ्या जागेत पुन्हा गाडी आली, तर पुन्हा होईल.”

साकेतला घेरीच यायची बाकी होती. न केलेला गुन्हा कबूल कशाला करतोय हा माणूस? विसरायला लागले की काय? आपण त्यांना इतकं मोडलं? काका स्कूटरचा पायाने दाबायचा पंप आणायला निघाले, तर साकेत धावला, “नको काका, माझ्याकडे मशीन आहे,” आणि मशीन लावून स्वतः चारही चाकं भरली, खाली मान घालून. मागे लोक म्हणतायत, “बघा! ज्याच्यावर अन्याय झाला तोच राबतोय. संस्कार म्हणतात ते हे!” तो आणखी वाकला. टायरमध्येच शिरला असता, जागा असती तर!

रविवारी सकाळी गेला काकांकडे. रात्रभर झोप नाही. दार उघडलं, तर काका शीळ घालतायत! समोर प्लंबर उभा, कारण तीन वर्षं गळणारा बाथरूमचा पाईप जागृतीताईंनी सकाळीच दुरुस्तीला घेतलेला. साकेतने दारातच सांगून टाकलं, “काका, हवा मी काढली.”

“ठाऊक आहे,” काका म्हणाले. “बाल्कनीतून बघत होतो मी. दुपारी झोपत नाही. ती रांगोळी कशाला रे पसरलीस?”

“तुम्ही... बघितलंत? मग बोलला का नाहीत?”

“वीस वर्षं पाटी लावलीय मी. कुत्रं विचारत नव्हतं! कालपासून माझ्या जागेच्या आसपास सायकलसुद्धा नाही. मुलं अहो-जाहो करतायत. आज सकाळी दुधाच्या लायनीत मला पुढे जाऊ दिलं! आणि तू आता खरं सांगून माझं वाटोळं करणार?”

“पण काका, माझं मन मला खातंय!”

“खाऊ दे. तू पोहे खातोस का?”

आता एवढ्यावर गप्प बसेल तो साकेत कसला? त्याने ग्रुपवर लिहिलंच! सगळं! तालीम, प्रेशर, दोन ते चार, ‘मी भेकड ठरलो, मला क्षमा करा’ इथपर्यंत. आणि काय झालं सांगू? कोणी विश्वासच ठेवला नाही! ‘किती मोठं मन!’ ‘ज्येष्ठांसाठी गुन्हा स्वतःवर घेणारी पिढी अजून आहे!’ अंगठे, टाळ्या, ज्वाळा, सगळं परत! आणि खाली काकांचा मेसेज, ‘मुलगा गुणी आहे. पण हवा मीच काढली. गु. ना.’ मी लिहिलं, ‘साकेत खरं बोलतोय, मला माहीत होतं,’ तर मला उत्तर काय, ‘मित्र असावा तर असा!’ सोसायटीच्या सत्यनारायणाला त्याचा सत्कार ठरलाय. शाल, श्रीफळ आणि जागृतीताईंचं भाषण. सत्यनारायणाला!

पुढच्या आठवड्यात गेलो आम्ही दापोलीला. समुद्र एकदाचा समोर! चारही चाकांची हवा काढली, गाडी वाळूवर अशी गेली म्हणून सांगू, लोण्यावरून बोट फिरावं तशी. फळ्या लागल्या नाहीत, फावडं लागलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळी जाळी ओढून वर काढली, गावातल्या बायकांनी आम्हाला आंबोळ्या वाढल्या. आणि हा? हा गाडीच्या सावलीत बसलेला, आंबोळी हातात तशीच. म्हणाला, “एकच माणूस राहिलाय, ज्याला मी अजून खरं सांगितलं नाही. ज्याची गाडी आहे तो.” तिथूनच मामांना फोन लावला. स्पीकरवर, मी साक्षीला. एका दमात सगळं सांगितलं. म्हणाला, “मामा, काय शिक्षा द्यायची ती द्या. पण निदान तुम्ही तरी म्हणा, की हे मी केलं.”

पलीकडे मामांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग मामा हळूच म्हणाले, “ते सगळं राहू दे रे... आमच्या इथे एकजण रोज माझ्या जागेत गाडी लावतो. तुझे ते गुरुदत्तकाका ठाण्याला येतील का एकदा?”